शेजारी देशांचं सुरक्षा सहकार्य आणि सार्वभौमत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संयुक्त गस्त, गुप्त माहितीची देवाणघेवाण, शेजारच्या देशाचे जवान "मदतीला" येणं, अशी बातमी आली की लोकांचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो देश विकला, दुसरा म्हणतो दहशतवादी आणि तस्कर बॉर्डर बघत नाहीत मग आपण कशाला बघायची. मला दोन्ही पटत नाही. करार झाला की नाही यावर काही ठरत नाही, करारात काय लिहिलंय यावर ठरतं, आणि नेमकं तेच कोणी वाचत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकत्र घेतलेत.

सुरक्षा सहकार्य म्हणजे नक्की काय काय?

बरंच काही, आणि सगळं एका मापाचं नाही. दोन्हीकडच्या ठाण्यांनी एकमेकांना फोन करणं हेही सहकार्यच आणि दुसऱ्याचं सैन्य आपल्या जमिनीवर तळ टाकून बसणं हेही सहकार्यच. मधे मग संयुक्त गस्त आली, आरोपींचं प्रत्यार्पण आलं, बोटांचे ठसे आणि गाड्यांच्या नंबरांचा डेटा आला, ट्रेनिंग, शस्त्रं, रडार आलं. सार्वभौमत्वाला धक्का लागतो का हे विचारण्याआधी यातलं नेमकं कुठलं चाललंय ते विचारा, नाहीतर वाद नुसता हवेत होतो.

दुसऱ्या देशाच्या पोलिसांना आत येऊ दिलं म्हणजे सार्वभौमत्व गेलंच ना?

नाही. १९२७ मधे फ्रान्स आणि तुर्कस्तानच्या "लोटस" खटल्यात त्यावेळच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मूळ नियम सांगून ठेवलाय, की कुठल्याही देशाने दुसऱ्याच्या हद्दीत आपली सत्ता कुठल्याही स्वरूपात वापरायची नाही, तशी मुभा देणारा करार किंवा नियम असल्याशिवाय. म्हणजे आत येऊ द्यायचं की नाही हे ठरवणं हाच तर सार्वभौम देशाचा अधिकार आहे आणि परवानगी देताना तो अधिकार वापरला जातो, संपत नाही.

पण म्हणून सगळं आलबेल असतं असंही नाही. परवानगी कोणी दिली, दबावाखाली दिली का, किती दिवसांची दिली आणि परत घेता येते का, हे चार प्रश्न सुटले नसतील तर कागदावर सही असूनही देशाच्या हातात फारसं काही उरत नाही. पुढची जवळपास सगळी उत्तरं फिरून याच चार प्रश्नांवर येतील.

गुन्हेगार बॉर्डर ओलांडून पळाला तर पोलीस मागे जाऊ शकतात का?

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "हॉट परस्यूट" हा जन्मजात हक्क आहे असं खूपजण धरून चालतात. समुद्रात तो हक्क आहे, पण तिथेही मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कलम १११ प्रमाणे, आपल्या हद्दीत गुन्हा करून पळालेल्या जहाजाचा खुल्या समुद्रात पाठलाग करता येतो, पण ते जहाज स्वतःच्या देशाच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या त्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात, शिरलं की पाठलाग तिथेच थांबवायचा. जमिनीवर तर असा कुठलाच आपोआप मिळणारा हक्क नाही, दोन देशांनी आधी करार केला असेल तरच.

युरोपात तसा केलाय. आपसातल्या सीमांवरची तपासणी काढायला तिथल्या देशांनी केलेला शेंगेन करार १९८५ चा, पण खरे नियम आले १९९० च्या अंमलबजावणी करारात, त्याचं कलम ४१ पाठलागाचं आहे आणि ते वाचताना मला खरंच बरं वाटतं कारण लिहिणाऱ्यांनी प्रत्येक अडचण आधीच डोळ्यासमोर आणलीय. समजा पोलिसांची गाडी एका दरोडेखोराच्या मागे आहे आणि तो सीमा पार करून गेला. पोलीस मागे जाऊ शकतात, पण सीमा ओलांडताना, फार तर त्याच क्षणाला, पलीकडच्या पोलिसांना कळवलंच पाहिजे आणि त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं. जायचं ते फक्त जमिनीवरच्या सीमेवरून. अंगावर गणवेश किंवा दंडाला पट्टी, किंवा गाडीवर तरी खूण हवी, म्हणजे समोरच्याला कळलं पाहिजे की हे पोलीस आहेत. कोणाच्या घरात शिरायचं नाही. पिस्तूल जवळ ठेवता येतं पण चालवायचं फक्त स्वसंरक्षणासाठी. पकडून ठेवता येईल का, किती किलोमीटर आत जाता येईल, किती वेळ, हे प्रत्येक देशाने शेजाऱ्यानुसार वेगवेगळं जाहीर केलंय. गुपचूप पाळत ठेवायची असेल तर त्याचं कलम वेगळं, ४०. तातडीच्या वेळी आधी परवानगी न घेता जाता येतं, पण सीमा ओलांडल्यापासून पाच तासात परवानगी आली नाही तर पाळत बंद.

आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कलम ४३. त्या पाठलागात परक्या पोलिसांनी कोणाची गाडी ठोकली, कोणी जखमी झालं, तर जबाबदारी त्या पोलिसांच्या देशाची आणि भरपाईला कायदा लागणार जिथे नुकसान झालं तिथला. एवढं सगळं लिहून ठेवलं की पलीकडचा पोलीस आत आला तरी सत्ता इथल्याच कायद्याची राहते.

संयुक्त गस्तीत हुकूम कोणाचा चालतो?

करारात आधी हीच ओळ शोधा. ती नसेल तर बाकीचा करार कितीही गोड भाषेत असला तरी मला तो अर्धाच वाटतो.

चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिका आणि कॅनडाची "शिपरायडर" व्यवस्था. दोघांच्या मधे मोठी सरोवरं आणि नद्या आहेत, पाण्यावर रेघ काही दिसत नाही, तस्कराची बोट दोन मिनिटात पलीकडे जाते आणि मागची बोट हात चोळत बसते. म्हणून २००९ मधे करार झाला, कॅनडाने २०१२ मधे त्यासाठी वेगळा कायदा केला आणि दोन्हीकडचे अधिकारी एकाच बोटीत बसायला लागले. पण नियम स्पष्ट आहे, बोट कॅनडाच्या पाण्यात असेल तर हुकूम कॅनडाच्या अधिकाऱ्याचा आणि कायदा कॅनडाचा, अमेरिकेच्या पाण्यात गेली की उलट. बोट तीच, माणसं तीच, रेघ ओलांडली की साहेब बदलतो. तरीसुद्धा कॅनडात यावर वाद झाला, परक्या देशाच्या बंदूकधारी अधिकाऱ्यांना आपल्या हद्दीत पोलिसाचे अधिकार का द्यायचे म्हणून, आणि तो व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे.

डेटा शेअर करण्यात कसला आलाय धोका? कोणी आत तर येत नाही.

मला तर याचीच जास्त काळजी वाटते. सैनिक आला तर दिसतो, मोजता येतो, परत पाठवता येतो. नागरिकांची माहिती एकदा पलीकडच्या सर्व्हरवर गेली की तिचं पुढे काय झालं ते आपल्याला दिसत नाही आणि ती परत मागून काही उपयोगही नसतो, कॉपी झालेली असते.

म्हणून रचना कशी आहे ते बघायचं. २७ मे २००५ ला जर्मनीतल्या प्रूम गावात सात देशांनी करार केला, बेल्जियम, जर्मनी, स्पेन, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रिया, नंतर २००८ मधे त्याचा बराचसा भाग युरोपियन युनियनच्या कायद्यात आला. त्यात डीएनए आणि बोटांच्या ठशांसाठी दोन पायऱ्या ठेवल्यात. समजा एका देशात खुनाच्या जागी रक्ताचा डाग सापडला. त्याचा डीएनए प्रोफाइल दुसऱ्या देशाच्या डेटाबेसशी ताडून बघता येतो, पण उत्तर येतं फक्त जुळलं किंवा नाही जुळलं, आणि जुळलं तर एक संदर्भ क्रमांक. नाव नाही, पत्ता नाही. नाव हवं असेल तर रीतसर कायदेशीर विनंती करायची आणि ती देताना समोरचा देश स्वतःचा कायदा लावणार. म्हणजे सगळी फाईल उचलून दिलेली नाही, दाराला फट ठेवलीय आणि कडी आपल्याच बाजूला आहे. गाड्यांच्या नोंदणीची माहिती मात्र त्याच व्यवस्थेत थेट बघता येते.

याउलट "दोन्ही यंत्रणा आवश्यकतेनुसार माहिती एकमेकांना देतील" एवढी एकच ओळ असलेला करार असेल तर विचारा की आवश्यकता कोण ठरवणार, माहिती तिसऱ्या देशाला देता येईल का, किती वर्षांनी पुसायची. उत्तर नसेल तर तिथे खरंच भोक आहे.

देश छोटा आणि शेजारी मोठा असेल तर "सहकार्य" म्हणजे हुकूमच नाही का?

बऱ्याचदा तसं होतं, खोटं कशाला बोला. एकाकडे विमानं, उपग्रह, पैसा आणि दुसऱ्याकडे बाराशे बेटं किंवा डोंगर, तर टेबलावर दोघं सारखे नसतात. पण छोटा देश अगदीच लाचार असतो असंही नाही, आणि इथे भूतानचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

१९९० च्या दशकात आसाम आणि उत्तर बंगालमधल्या सशस्त्र संघटनांनी, उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ, दक्षिण भूतानच्या जंगलात तळ टाकले होते. भारताचा दबाव होता की यांना काढा. भूतानसमोर वाटा तशा कमीच, दुर्लक्ष करायचं तर मोठा शेजारी नाराज आणि आपल्याच जमिनीवर परकी बंदूकधारी माणसं, भारतीय सैन्याला आत बोलवायचं तर एक वेगळाच पायंडा पडणार. भूतानने आधी काही वर्षं त्या संघटनांशी बोलणी केली, तिथल्या राष्ट्रीय सभेत चर्चा झाल्या, आणि काहीच झालं नाही तेव्हा १५ डिसेंबर २००३ ला भूतानच्या स्वतःच्या सैन्याने कारवाई करून ते तीसेक तळ मोडून काढले. भारतीय सैन्य आपल्या बाजूला सीमा बंद करून उभं राहिलं. म्हणजे सहकार्य झालं, भारताचं काम झालं, पण भूतानच्या जमिनीवर बंदूक चालली ती भूतानची.

पुढे फेब्रुवारी २००७ मधे दोन्ही देशांनी १९४९ चा मैत्री करार नव्याने लिहिला. जुन्या करारात भूतान परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालेल असं कलम होतं, ते गेलं. त्या जागी आलं की दोन्ही देश आपापल्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत जवळून सहकार्य करतील आणि कोणीही आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही. अट दोघांनाही सारखी. या दोन घटनांचा थेट संबंध होता असा दावा मी करत नाही, पण स्वतःचं काम स्वतः करणाऱ्याला टेबलावर जास्त मान मिळतो एवढं मला नक्की वाटतं.

मालदीवचं वळण वेगळं. भारताने दिलेली हेलिकॉप्टरं आणि डॉर्निअर विमान चालवायला भारतीय लष्करी कर्मचारी तिथे होते आणि दूरच्या बेटांवरच्या पेशंटना आणायला ती विमानं खरंच उपयोगी पडत होती. तरी २०२३ च्या निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला, हे कर्मचारी परत पाठवा म्हणणारे मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि १० मे २०२४ पर्यंत लष्करी माणसं जाऊन त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ आले. विमानं राहिली, सेवा राहिली, गणवेश गेला. काहींना हा नुसता दिखावा वाटतो, मला नाही वाटत, कारण परक्या लष्कराचा माणूस आणि परका टेक्निशियन यात कायद्याने आणि मनानेही खूप फरक असतो.

बोलावलेलं सैन्य परत गेलंच नाही तर?

ही भीती अगदी खरी आहे. दोन वेगळे शेवट बघा. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमधे भाडोत्री सैनिकांनी उठाव केला, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, भारताचे पॅराट्रूपर त्याच रात्री आग्र्याहून उडून पोचले, उठाव मोडला आणि बहुतेक जवान लवकरच परत आले. काम ठरलेलं होतं आणि ते संपल्याचं सगळ्यांना दिसत होतं.

त्याच्या एकच वर्ष आधीचं श्रीलंकेचं. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराच्या जोडपत्रात एवढंच होतं की गरज पडली तर युद्धबंदी पाळली जावी म्हणून श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतील. परत कधी जायचं, काम संपलं हे कोण ठरवणार, यावर काही नाही. ऑक्टोबरपर्यंत शांतिसेना एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढत होती. १९८९ मधे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीरपणे परत जा म्हणून सांगितलं, त्यावरून दोन्ही सरकारांत कटुता आली आणि शेवटची तुकडी निघाली मार्च १९९० मधे. तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान गेले होते, आणि स्थानिक लोकांनी भोगलं ते वेगळंच. एक तारीख, एक मुदतवाढीची प्रक्रिया कागदावर असती तर युद्ध टळलंच असतं असं नाही, पण जा म्हटल्यावर जायचं की नाही हा वाद तरी झाला नसता.

परवानगी न घेता घुसून कारवाई केली आणि काम फत्ते झालं तर बिघडलं कुठे?

बिघडतं, आणि ज्याने कारवाई केली त्याचंही बिघडतं. १ मार्च २००८ ला कोलंबियाने इक्वेडोरच्या हद्दीत थोड्याच अंतरावर असलेल्या फार्क या कोलंबियातल्याच बंडखोर संघटनेच्या तळावर हल्ला करून त्यांचा मोठा नेता राउल रेयेस याला मारलं. लष्करी दृष्टीने मोठं यश. पण इक्वेडोरने संबंध तोडले, व्हेनेझुएलाने सीमेवर सैन्य हलवलं, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या संघटनेने काही दिवसात ठराव करून हे सार्वभौमत्वाचं उल्लंघन असल्याचं म्हटलं, आणि संबंध पूर्ववत व्हायला २०१० उजाडलं. ज्या जंगलातल्या सीमेवर दोघांनी मिळून काम करायला हवं होतं तिथे इतका काळ अविश्वास.

अमेरिका आणि मेक्सिकोचंही तसंच. १९९० मधे मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या एका डॉक्टरला खटला चालवण्यासाठी पळवून अमेरिकेत नेलं, प्रत्यार्पणाचा करार असताना. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ मधे म्हटलं की करारात अपहरणाला बंदी लिहिलेली नाही म्हणून खटला चालू शकतो. मेक्सिकोत संताप झाला आणि शेवटी पुरावा अपुरा म्हणून तो डॉक्टर त्याच वर्षी सुटला. करार असून तो बाजूला टाकला की पुढच्या प्रत्येक कराराची किंमत कमी होते, मला यात तेच सगळ्यात वाईट वाटतं.

इंटरपोल तर कुठेही जाऊन पकडतं ना?

नाही. इंटरपोलचे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. रेड कॉर्नर नोटीस हे वॉरंट नाही, ती सदस्य देशांना केलेली विनंती आहे आणि अटक करायची की नाही हे तो तो देश आपल्या कायद्याने ठरवतो. शिवाय त्यांच्या घटनेच्या कलम ३ प्रमाणे राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात पडायला मनाई आहे.

मग कोणाशी सहकार्यच न करणं सगळ्यात सेफ नाही का?

मलेशिया आणि इंडोनेशियाच्या मधली मलाक्काची सामुद्रधुनी बघा. २००४ मधे अमेरिकेच्या पॅसिफिक कमांडच्या प्रमुखांनी तिथल्या सुरक्षेसाठी अमेरिकी विशेष दलं वापरण्याची शक्यता बोलून दाखवली तेव्हा मलेशिया आणि इंडोनेशिया दोघांनी कडक विरोध केला. पण विरोध करून गप्प बसले असते तर चाचे होतेच आणि बाहेरच्यांना कारणही होतंच. त्यांनी सिंगापूरला घेऊन त्याच वर्षी जुलैमधे समन्वित गस्त सुरू केली, प्रत्येकाची जहाजं आपापल्या पाण्यात आणि माहिती एकमेकांना. २००५ मधे "आयज इन द स्काय" ही विमान गस्त आली, ज्यात एका देशाच्या विमानातून दुसऱ्याचे अधिकारीही टेहळणी करतात. लंडनच्या विमा बाजारातल्या समितीने जून २००५ मधे ही सामुद्रधुनी युद्ध-धोक्याच्या यादीत टाकली होती, ऑगस्ट २००६ मधे काढून टाकली. थायलंड २००८ मधे आलं. म्हणजे शेजाऱ्यांनी थोडं एकमेकांना सांभाळून घेतलं म्हणूनच बाहेरच्या मोठ्याला आत यायचं निमित्त राहिलं नाही. एकटं राहिलं की सार्वभौमत्व टिकतं हे मला म्हणूनच पटत नाही.

यात संसदेचा आणि आपला काय संबंध?

असायला हवा तेवढा नसतो. बरेच सुरक्षा करार सामंजस्य करार म्हणून सही होतात आणि संसदेत येतच नाहीत. ऑक्टोबर २०२० मधे मेक्सिकोचे माजी संरक्षणमंत्री जनरल सिएनफुएगोस यांना अमेरिकेने लॉस एंजेलिसमधे अटक केली, मेक्सिको सरकारला अंधारात ठेवून. मेक्सिको भडकला, अमेरिकेने पुढच्याच महिन्यात आरोप मागे घेऊन त्यांना परत पाठवलं, आणि डिसेंबरमधे मेक्सिकोच्या काँग्रेसने कायदा केला की परक्या एजंटांनी मिळवलेली माहिती मेक्सिकोच्या सरकारला द्यायची, अधिकाऱ्यांनी त्यांच्याशी झालेल्या भेटी कळवायच्या, आणि एजंटांना कसलंही कायदेशीर संरक्षण नाही. त्यामुळे तपास मंदावला अशी अमेरिकेची तक्रार राहिली आणि ती अगदीच चुकीची नाही. पण परक्या एजंटांनी आपल्या देशात काय करायचं याचे नियम निवडून आलेल्या सभागृहाने उघडपणे करावेत हे मला योग्यच वाटतं, कायद्यात कमीजास्त असेल तर तो बदलताही येतो.

आणि करारातून बाहेर पडलं तर सगळं परत आपल्या हातात येतं का?

निर्णय येतो, सोय येत नाही. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर २०२० च्या शेवटी शेंगेनच्या माहिती यंत्रणेतूनही बाहेर गेलं. हरवलेली माणसं, चोरीच्या गाड्या, फरार आरोपी यांचे अलर्ट असलेली ही यंत्रणा ब्रिटिश पोलिसांनी एकट्या २०१९ मधे ६० कोटींहून जास्त वेळा तपासली होती. ती बंद झाल्यावर इंटरपोलच्या मार्गावर जास्त भर द्यावा लागला, जिथे प्रत्येक देशाने माहिती मुद्दाम वेगळी टाकावी लागते. प्रूमची डीएनए आणि ठशांची व्यवस्था मात्र ब्रिटनने नव्या व्यापार आणि सहकार्य करारात ठेवून घेतली, आरोपी सोपवण्याची नवी पद्धतही त्यातच लिहून घेतली. म्हणजे सार्वभौमत्वाच्या नावाने बाहेर पडलेल्या देशालाही त्याच शेजाऱ्यांबरोबर त्याच विषयांवर पुन्हा बसून कलमं लिहावी लागली, आणि आता तो मतदान करणारा सदस्य नसून बाहेरचा देश म्हणून बसला होता.